माजघरातला आकडा

(दृश्य : खानापूर तालुका. पावसाळी सकाळ. न्हाणीच्या चुलीवर पाण्याचा हंडा.)

लाकडं ओली आहेत. धूर धुराडं सोडून माजघरात शिरलाय आणि भिंतीवरच्या हवा मोजणाऱ्या यंत्रात पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा चढतोय.

यंत्रातला सेन्सर काड्यापेटीएवढा. छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात, त्यावरून अंदाज बांधला जातो. त्यामुळे कुकरची वाफही त्याला धूळच वाटते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की आकडा फुगतो, म्हणून शेजारी आर्द्रतेचा सेन्सर हवाच. तसले तास वेगळे काढा.

यंत्र चुलीच्या डोक्यावर टांगू नका. बसून भाकरी थापणाऱ्या बाईचं नाक जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतं, त्याच उंचीवर ठेवा. बहुतेक घरांत ते फोटोच्या खिळ्याला, छताजवळ लटकतं! सेन्सर अखंड चालवला तर साधारण ८,००० तासांत, म्हणजे वर्षाच्या आतच थकतो. दर पाच मिनिटांनी मिनिटभर जागा करा आणि पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या.

(दृश्य : मोबाइलवर गल्लीचा ग्रुप.)

ग्रुपवर नुसता आकडा टाकून काही कळत नाही. तासाची सरासरी, पडवीतल्या दुसऱ्या यंत्राचा आकडा आणि एक शब्द लिहा : चूल, फोडणी, झाडलोट, डासांची कॉइल. बाहेर उसाचं पाचट पेटलं असेल तर खिडकी उघडून उलट धूर आत येतो. हे पडवीच्या आकड्याशिवाय समजत नाही.

घराचं नाव मात्र नको. नाहीतर हवा राहते बाजूला आणि सासू-सुनेचीच जुंपते. आकडे दुसऱ्या दिवशी पाठवा; चालू आकड्यांवरून घर कधी बंद असतं तेही कळतं.

पीएम २.५ साठी आपलं २००९चं राष्ट्रीय मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं १५. दोन्ही २४ तासांच्या सरासरीची. फोडणीच्या दोन मिनिटांना ती लावून घाबरू नका.

(दृश्य : हंड्यावर झाकण. न्हाणीचं माजघराकडचं दार बंद.)

झाकणामुळे पाणी लवकर तापतं, लाकूड कमी लागतं. उद्याच्या ओळीत तेवढंच लिहा : चूल, झाकण.