निखाऱ्यावरचे ओट्स, बरक्या फणसाचे

[दृश्य : पुरतं उजाडलेलं नाही. परस. पाचोळ्यावर काहीतरी जड पडल्याचा आवाज.]

बरका फणस पडला.

पडताना तो कॅमेऱ्यात सापडला नाही, आवाज तेवढा सापडला. काप्या, म्हणजे करकरीत गऱ्याच्या, फणसाला दोरी बांधून झाडावरून अलगद उतरवतात, बोटांनी वाजवून पारखतात, गोणपाटावर ठेवतात. बरक्याच्या, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्याच्या फणसाच्या, वाट्याला हे लाड येत नाहीत. तो झाडावरच पिकतो आणि रात्री-पहाटे कधीतरी पाचोळ्यात येऊन पडतो. मग मुंगळे आधी पोचतात, गुरं पोचतात किंवा घरातलं माणूस. आज काकी आधी पोचली.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही वाडी. समुद्र दिसत नाही, पण वारा फिरला की गाज घरात येते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे आणि मिरग, म्हणजे पावसाची सुरुवात, दहा-बारा दिवसांवर आलाय.

[दृश्य : खळं. सुपांत फणसाची साठं, चटईवर रातांब्यांची सोलं, खोपीत रचलेली लाकडं.]

या दिवसांत कोकणातलं खळं म्हणजे पावसाळ्याचं कोठार. रातांब्यांची सोलं त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली जातात, तेव्हा कुठे त्यांची आमसुलं होतात. साठं, म्हणजे फणसाच्या रसाच्या वाळवलेल्या पोळ्या, उलटायची, लाकडं भरायची, सुकट उन्हात घालायची, सगळं एकदमच येतं. फणसालाही घाई असते. एक मोठी सर पडली की गरा पाणचट होतो, गोडी उतरते. म्हणून जे काही करायचं ते आता.

काकी आज फणसाचे ओट्स भाजणार आहे. चुलीवर, धोंडसाच्या टोपात. धोंडस म्हणजे निखाऱ्यांत भाजलेला काकडीचा गोड पदार्थ.

[दृश्य : काकी माजघराच्या पायरीवर. हाताला खोबरेल.]

आधी हाताला खोबरेल. बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "थांब गो, आधी तेल लाव. चीक लागतलो." फणसाचा चीक साबणाने जात नाही, तेलानेच जातो.

आता बघा. कापा फणस कोयत्याने फोडावा लागतो. बरक्याला कोयता लागत नाही. देठाशी दोन्ही अंगठे रोवले, जरा दाब दिला, की तो आपसूक उकलतो.

[दृश्य : जवळून. फणस उकलतो. इथे निवेदन नाही.]

मधला तो पांढरा दांडा म्हणजे पाव. त्याच्याभोवती गरे आणि गऱ्यांच्या मधल्या चिवट पात्या, त्या चारखंड. एक फणस म्हणजे खरं तर शेकडो फुलांचं मिळून झालेलं एकच फळ. एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचं फळ, आणि ज्या फुलांत बी धरलं नाही त्यांची झाली चारखंड. बरक्याचा गरा हातात घेतला की निसटतो. तो चावून खायचा नसतो, गिळायचा असतो. आमच्या लहानपणी गरे मोजत मोजत गिळायची पैज लागायची.

हेच त्याचं वैगुण्य ठरलं. काप्याचा गरा करकरीत, डब्यात भरून गाडीत बसवता येतो. बरका एका दिवसात गळून जातो, त्याचा रस डब्यातून झिरपतो. त्याला ना टिकाऊपणा, ना रूप. पण रस करायचा तर याच्यासारखं फळ नाही. गऱ्यातली आठळी काढायची, गरा चाळणीवर घ्यायचा आणि हाताने घासायचा. खाली दाट, पिवळाधमक रस उतरतो आणि वर रेषा, म्हणजे धागे, राहतात.

[दृश्य : चाळणी, घासणारा हात, खाली साचत जाणारा रस.]

मिक्सरला लावला तर हे काम दोन मिनिटांचं आहे. पण मिक्सर रेषाही वाटून टाकतो, मग त्या भाजल्यावर दातांत येतात. चाळणीला अर्धा तास लागतो. काकी चाळणी सोडत नाही, आणि ती चव ज्याने घेतलीय तोही तिला सोड म्हणणार नाही.

आता ओट्स.

हे धान्य इथलं नाही. त्याला थंड हवा लागते. कॅनडा, रशिया, उत्तर युरोप हा त्याचा मुलूख. आपल्याकडे उत्तरेत ते जई म्हणून ओळखलं जातं आणि जास्त करून गुरांच्या वैरणीसाठी पेरतात. या घरात ते आलं काकांच्या तपासणीनंतर, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून. सुरुवातीला दुधात शिजवून वाटीत दिले. काकांनी दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली. मग काकीने डब्यातले ओट्स तळव्यावर घेतले, चुरून बघितले आणि म्हणाली, "ह्यो चपट्यो कण्यो."

तिथून पुढे सगळं सोपं झालं. कारण कण्या या घराला परक्या नाहीत.

[दृश्य : चुलीवर पेज रटरटतेय. काका पानावर बसलेत.]

कोकणात सकाळची सुरुवात पेजेने. उकड्या तांदळाची, पाणी राखून शिजवलेली मऊ पेज. सोबत फणसाची भाजी, नाहीतर भाजलेलं सुकट, नाहीतर खारातली कैरी. नांगरणीला गेलेला माणूस दहा-साडेदहाला बांधावर बसून ही पेज प्यायचा आणि दुपार ओढायचा. धान्य भरपूर पाण्यात मऊ शिजवून सकाळी पोटात घालायचं, हे इथे कुणाला शिकवायला लागलं नाही.

आणि धोंडस. श्रावण-भाद्रपदात मांडवावर मोठाली तवशी, म्हणजे काकड्या, पिकतात, त्यांचा कीस, तांदळाच्या कण्या, गूळ, खोबरं. खाली-वर हळदीचं पान घालून, टोपाच्या झाकणावर निखारे ठेवून भाजलेलं. गोव्याच्या बाजूला याला तवसाळी म्हणतात आणि फणसाचं केलं की धोणस. धान्य, फळ, गूळ आणि खाली-वर विस्तव. भट्टी नसलेल्या घरांनी काढलेली ही भाजण्याची रीत.

काकीने त्यात एकच बदल केला, कण्यांच्या जागी ओट्स घातले.

[दृश्य : परातीत एकेक जिन्नस पडतो. वरून घेतलेलं दृश्य.]

जाडे ओट्स, दोन वाट्या. अख्खा दाणा वाफवून रुळांतून चपटा केलेले असतात ते. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. ओट्स कोरडेच, मंद आचेवर, हाताला गरम लागेपर्यंत भाजायचे. रंग बदलू द्यायचा नाही.

फणसाचा रस सव्वा वाटी. नारळाचा पहिला, घट्ट रस दीड वाटी. गूळ अर्ध्या वाटीहून थोडा कमी, कारण फणस स्वतःच गोड आहे. वेलची, आणि जायफळ अगदी नखभर. खायचा सोडा नको, बेकिंग पावडर एक छोटा चमचा. अंडं घातलं तर बांधणी पक्की होते. काकी घालत नाही, तिच्या टोपातून निघणारी वडी थोडी ओलसर असते.

चिमूटभर मीठ. हे मीठ जाडं आहे, शिरोड्याच्या मिठागरातलं. तीच मिठागरं, जिथे 1930 मध्ये लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. गोडात मीठ घालताना काकी बोटं चुरते आणि सांगते, याच्याशिवाय गुळाला जीभ नाही.

काजू ओले नाहीत, ओल्या काजूगराचे दिवस आता गेले. हे भाजून सोललेले, हाताने मोडलेले. या तालुक्यातल्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमं आता आसपासच्या बागांतून सगळीकडे दिसतात.

शेवटी काप्याचे गरे, बारीक चिरून मूठभर. रस बरक्याचा आणि तुकडे काप्याचे. बरका विरघळून ओट्समध्ये शिरतो, कापा भाजल्यावरही दाताखाली लागतो. दोन्ही फणस एकाच टोपात. मला या पदार्थातलं सगळ्यात आवडलेलं हेच.

सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. ओट्स रस पितात आणि फुगतात. पळी उभी केली तर हळूहळू कलायला हवी. पटकन पडली तर पातळ झालं, पडलीच नाही तर नारळाचा रस थोडा आणखी.

[दृश्य : चूल. चुडतं पेटतात. मग सोडणं. मग करवंट्या.]

तोवर विस्तव. माडाच्या घरात जळणसुद्धा माडाचंच. चुडतं, म्हणजे वाळलेल्या झावळ्या, भडकन पेटतात, ती आग लावायला. सोडणं, म्हणजे नारळाची वाळकी सालं, धुमसत राहतात, ती आग राखायला. आणि करवंट्या. करवंटीचा निखारा कडक असतो, बराच वेळ लाल राहतो आणि धूर देत नाही. भाजण्यासाठी पाहिजे तो हाच.

टोप पितळी, जाड बुडाचा, आतून कल्हईचा. आतून तुपाचा हात फिरवला. हळदीची पानं अजून यायचीत, ती पावसात येणार. म्हणून केळीचं पान, विस्तवावर शेकून मऊ केलेलं. त्यात मिश्रण ओतलं, वरून पुन्हा पान, वर झाकण आणि झाकणावर निखाऱ्यांचं ताट.

[दृश्य : चिमट्याने एकेक निखारा ताटात. जवळून.]

चुलीतली लाकडं काकीने बाहेर ओढली. खाली आता ज्वाळ नाही, राखेखालची धग तेवढी आहे. "वरसून जास्ती, खालसून कमी," ती म्हणाली. उलटं केलं तर बूड करपतं आणि वरचं कच्चं राहतं. घरी ओव्हन असेल त्यांनी 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं ठेवावं. निखाऱ्यावर पाऊण तास लागतो, कधी थोडा जास्त. मध्ये झाकण उघडायचं नाही. मी विचारलं, मग कळतं कसं? काकीने नाकाकडे बोट दाखवलं. "वास इलो की टोप उतरायचो."

[दृश्य : बंद टोप. झाकणावर निखारे. मागे काका ओसरीवर. दीर्घ दृश्य.]

आधी पानाचा वास येतो, मग गुळाचा. शेवटी फणसाचा, पण न भाजलेल्या फणसासारखा उग्र नाही. तो मवाळ झालेला असतो, तुपात परतल्यासारखा.

या पाऊण तासात काकांनी आरोग्याचं सांगितलं, तेही इथेच सांगून टाकते. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो दिवसाला 3 ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये तसं वेष्टनावर लिहायला परवानगी दिली. 40 ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ग्रॅम मिळतो. काकांचा आकडा पुढच्या तपासणीत थोडा उतरला, गोळी चालू आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी फणस आणि गूळ दोन्ही मोजूनच खावेत.

[दृश्य : काकी निखारे बाजूला करते. झाकण निघतं. वाफ. निवेदन नाही, फक्त आवाज.]

कडा सुटल्यात. वरचं पान करपून तपकिरी झालंय, ते उचललं की खाली पानाच्या शिरांची नक्षी तशीच उमटलेली. रंग मधासारखा, कडेला अधिक गडद. लगेच कापायचं नाही. अर्धा तास निवू द्यायचं, तेव्हा वड्या पडतात.

[दृश्य : वड्या. नारळाच्या रसाची वाटी. काकांचा हात.]

खाताना वरून नारळाचा पातळ रस. शहरात दूध किंवा दही घ्यावं, चालेल. वडी चमच्याने मोडते, आत ओलसर आणि तंतूंतंतूंची, कडेला कुरकुरीत. काकांनी पहिली वडी कोपऱ्याची घेतली. कोपऱ्याची वडी या घरात मागून घ्यावी लागते.

[दृश्य : काका खातायत. काकी बघतेय. निवेदन नाही.]

या घराच्या परसात बरक्याची तीन झाडं आहेत. वाडीत एकूण किती होती ते आता कुणालाच आठवत नाही. बरक्याला गिऱ्हाईक नाही, फणसाच्या लाकडाला आहे, झाडं तुटतायत. केरळने 2018 मध्ये फणसाला राज्यफळ केलं. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमं दिली, 'कोकण प्रॉलिफिक'सारखी, पण ती काप्याची. बरका परसात उगवला तर उगवला. त्याचा रस उन्हात साठं होतो, वाफेवर सांदण होतो आणि आता टोपात ओट्ससोबत भाजला जातो. हवाबंद डब्यात घालून गोठवला तर सहा महिने टिकतो, म्हणजे दिवाळीपर्यंत हा नाष्टा होऊ शकतो. काकीच्या फ्रीजरमध्ये आज सात डबे आहेत, प्रत्येकावर पट्टी चिकटवून तारीख घातलेली.

[दृश्य : फ्रीजरमधले डबे. मग पुन्हा चूल.]

टोप रिकामा झाला, पण चुलीत धग आहे. काकीने सकाळच्या फणसाच्या आठळ्या धुऊन ठेवल्या होत्या. आता एकेकीला विळीवर चीर देतेय. चीर दिली नाही तर निखाऱ्यात आठळी फुटून उडते. गरम राख सारली, आठळ्या पुरल्या, वर राख ओढली.

परसात आणखी एक फणस पडल्याचा आवाज झाला. काकीने तेलाची वाटी पुन्हा पुढे ओढली.