पांढरा बार्बेक्यू सॉस आणि फेसलेली मोहरी

[परळ. सकाळचे साडेसात. चिकनच्या दुकानासमोरची रांग, हातांत मिटलेल्या छत्र्या.]

आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण चार दिवसांवर आलाय, त्यामुळे परळमध्ये आज चिकनचं एकही दुकान रांगेशिवाय दिसणार नाही. रांगेतल्या कुणाच्या घरी काय शिजणार हेही विचारावं लागत नाही. कोंबडी-वडे, रस्सा, सुकं. आमच्या घरीही दरवर्षी तेच. यंदा मात्र मी दुकानदाराला सांगितलं, "दोन कोंबड्या, स्किनसकट, मधून उभ्या दोन फाका करून द्या." त्याने सुरी थांबवून विचारलं, "रश्शाला नाही?"

रश्शाला नाही. आज कोंबडी निखाऱ्यावर भाजायची आणि मग एका पांढऱ्या, आंबट, मिरीने झणझणीत सॉसमध्ये अख्खीच्या अख्खी बुडवायची. सॉसचा आधार आहे मेयोनीज.

मेयोनीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो सँडविचवाल्याकडचा तो घट्ट, गोडसर पांढरा थर. आणि बार्बेक्यू सॉस म्हटलं की टोमॅटोचा लालभडक, चिकट, गोड पाक. हा सॉस या दोन्हींपैकी एकही नाही.

[गच्चीवरून दिसणारं परळ. दूर रेल्वे वर्कशॉपची छपरं.]

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य आहे. त्याच्या उत्तर टोकाकडे, टेनेसी नदीच्या काठावर डिकॅटर नावाचं गाव. तिथे रॉबर्ट गिब्सन हा रेल्वेतला माणूस राहायचा, लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत नोकरीला. अंगापिंडाने असा दांडगा की लोक त्याला बिग बॉबच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी तो परसात खड्डा खणून हिकरीच्या लाकडावर मांस भाजायचा आणि खायला माणसं जमायची. त्यातून १९२५ साली त्याचा बार्बेक्यूचा धंदा सुरू झाला. त्याच्या नावाचं हॉटेल डिकॅटरमध्ये आजही चालतं. धुरावर तासन्‌तास भाजलेली कोंबडी तिथे पांढऱ्या सॉसने भरलेल्या भांड्यात बुडवून काढतात आणि मगच ताटात वाढतात.

माझे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. रविवारी चाळीच्या गॅलरीत शेगडी पेटवून सुके बोंबील भाजायचे. वास दोन मजले वर जायचा आणि मागोमाग माणसं खाली यायची. त्यामुळे बिग बॉबची हकीकत मला कळली तेव्हा तो माणूस परका वाटलाच नाही. आठवडाभर लोखंडाशी झटलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही विस्तवासमोरच बसावंसं वाटतं, हे मी घरात पाहिलेलं होतं.

[स्वयंपाकघर. ओट्यावर दूध, तेल, मोहरीची बरणी, मिरी.]

आधी मेयोनीज. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे लहान मूलही सांगेल. मेयोनीजमध्ये मात्र तेलाचे अतिशय बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंबाभोवती दुसऱ्या कशाचा तरी पातळ पापुद्रा बसतो. त्यामुळे ते पुन्हा एकत्र येऊन वर तरंगत नाहीत. मूळ पद्धतीत हे काम अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन करतं. पण कच्चं अंडं आणि आपली हवा यांचं जमत नाही. साल्मोनेला जंतूंच्या भीतीने तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. पावसाळ्यातल्या मुंबईत, गच्चीवर वीस माणसांना वाढायचं असताना, मी तरी तो धोका पत्करणार नाही.

म्हणून दुधाचं. फ्रिजमधलं गार दूध अर्धी वाटी, वास नसलेलं तेल एक वाटी, चिमूटभर मीठ. उभट, अरुंद भांड्यात सगळं एकदमच घालायचं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करायचा आणि पहिले दहा-पंधरा सेकंद तो जागचा हलवायचा नाही. तळातून पांढरे ढग वर येऊ लागले की सावकाश उचलायचा. इथे दुधातली प्रथिनं तेलाचे थेंब धरून ठेवतात. अर्ध्या मिनिटात मलईसारखं दाट मेयोनीज तयार होतं. विकतचं एगलेस वापरलं तरी हरकत नाही, फक्त ते चाखून बघा. त्यात बहुधा साखर असते. मग व्हिनेगर थोडं वाढवायचं आणि वरून साखरेचा दाणाही घालायचा नाही.

आता मोहरी. मला खरं बोलायचंय ते हिच्याबद्दल.

अलाबामाच्या या सॉसमध्ये पुष्कळ जण हॉर्सरॅडिश घालतात. ते एक पांढरं, मुळ्यासारखं मूळ असतं, किसलं की नाकात झणका जातो. परळच्या भाजीवालीकडे ते मिळणार नाही. मागच्या वर्षी मी परदेशी मालाच्या दुकानातून त्याची छोटी बाटली आणली. महाग होती, आणि उघडून महिना झाल्यावर तिच्यात नुसता आंबटपणा उरला. मग एके दिवशी आई काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसत होती. मी वाकून बघायला गेले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोच झणका! अगदी तोच.

योगायोग नव्हता तो. मुळा, मोहरी, हॉर्सरॅडिश ही एकाच कुळातली झाडं. काळ्या मोहरीत आणि हॉर्सरॅडिशमध्ये नाकात चढणारं द्रव्यही एकच, अ‍ॅलाइल आयसोथायोसायनेट. गंमत म्हणजे अख्ख्या मोहरीत ते नसतंच. दाणा चावून बघा, आधी नुसता कडवट लागेल. दाणा फुटला, त्याला पाणी लागलं की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं आणि मग ते तिखट द्रव्य तयार करतं. त्याला काही मिनिटं द्यावी लागतात. गरम पाणी किंवा आंबट पदार्थ लगेच पडला तर ते विकर आपलं काम करूच शकत नाही.

हे मला कळलं ते चूक केल्यावर. पहिल्या खेपेला मी मोहरी मिक्सरमधून काढली आणि वेळ वाचवायला सरळ व्हिनेगरमध्ये टाकली. सॉस आंबट झाला, कडू झाला, पण नाकात काही चढेना. आईने बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाली, "मोहरी फेसली नाहीस, भिजवलीस."

[आईचे हात. खलबत्ता, मोहरी, गार पाण्याचे थेंब.]

तर बघा, ती कशी करते. दोन चमचे मोहरी खलात भरड कुटून घेतली. आता गार पाणी, एकदम नाही, चमच्याचमच्याने. बत्ता गोल फिरतोय, रंग फिकट होत चाललाय, कडेला फेस दिसायला लागलाय. मग वर झाकण आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. आई म्हणते, मोहरी चढू दे. झाकण काढताना तिने तोंड बाजूला केलं, तुम्हीही करा. आंबट घालायचं ते आता. आता घातलेला आंबटपणा झणका मारत नाही, उलट टिकवून धरतो. लोणच्यात, रायत्यात आपल्या आज्यापणज्यांनी हा क्रम शतकानुशतकं पाळलाय.

एका कोंबडीला पुरेल असा अंदाज सांगते. मेयोनीज दीड वाटी, व्हिनेगर अर्धी वाटी, एका लिंबाचा रस, फेसलेली मोहरी दीड चमचा, ताजी भरड कुटलेली मिरी एक मोठा चमचा, मीठ अर्धा चमचा, लाल तिखट पाव चमचा. मिरी तयार पुडीतली घेऊ नका, या सॉसला रंग आणि चव तिच्यामुळे आहे. व्हिनेगर साधं पांढरं चालेल. आत्याने गोव्याहून आणलेलं माडाचं व्हिनेगर होतं म्हणून आम्ही ते घेतलं, त्याची धार थोडी मऊ लागली. सगळं फेटून दोन तास फ्रिजमध्ये.

सॉस ताकाइतका पातळ दिसला की घाबरू नका, तो तसाच हवा. चमच्यावरून ओघळला पाहिजे. घट्ट ठेवलात तर तो कोंबडीवर थापला जाईल, आत शिरणार नाही. मग ते सँडविचच झालं.

[गच्ची. पाण्याच्या टाकीखालचा आडोसा. रिमझिम.]

गच्चीवर दादाची शेगडी आहे, अर्ध्या कापलेल्या ड्रमची. पावसाने कोळसा सर्दावला होता, पेटायला पाऊण तास लागला. आणि एक सांगून ठेवते, कोळशाची शेगडी उघड्यावरच पेटवा. पाऊस आला म्हणून बंद खोलीत, बंद गॅलरीत आणू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

निखारे एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, स्किन वर. मसाला म्हणून फक्त मीठ, मिरी आणि तेलाचा हात. वरून मोठं पातेलं पालथं घातलं. साधारण सव्वा तास. मांडीच्या जाड भागात सुरी टोचली की रस स्वच्छ निघाला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसच्या खाली नको. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास भाजावी. मग पातेल्यात ठेवून मधोमध वाटीत लाल निखारा, त्यावर तुपाची धार, झाकण आणि पाच मिनिटं धुरी. खिडक्या उघड्या ठेवून. हिकरीचा वास येणार नाही, पण धुराची ओढ भागेल.

भाजताना वहिनी सारखी विचारत होती, "आता लावू का सॉस?" नाही. मेयोनीज आगीवर फुटतं. तेल सुटून निखाऱ्यावर पडतं, भडका उडतो आणि मागे दह्याच्या चोथ्यासारखे कण राहतात. आपली तंदुरी आठवा. तिथे कोंबडी दह्यात आधी मुरते आणि मग आगीवर जाते. इथे क्रम उलटा. आग आधी, पांढरं नंतर.

[दादा चिमट्याने कोंबडीची फाक उचलतो. खाली पातेल्यात सॉस.]

आणि हा तो क्षण. कोंबडी शेगडीवरून निघाली, अजून चरचरतेय, आणि तशीच पातेल्यात बुडाली. एक उलटं, एक सुलटं, बाहेर. गरम कातडीवर सॉस पातळ होऊन प्रत्येक भेगेत उतरतो. ब्रॉयलर कोंबडीची छाती भाजल्यावर कोरडी पडते, ही आपली नेहमीची तक्रार. इथे तेल तिला ओलावा देतं आणि व्हिनेगर तेच तेल जिभेवर जड होऊ देत नाही. धूर, आंबट, मिरी, आणि सगळ्यात शेवटी, घास गिळल्यावर, मोहरी.

बुडवायचं पातेलं वेगळं आणि ताटात वाढायची वाटी वेगळी, एवढं कटाक्षाने पाळा. सॉस फ्रिजबाहेर तास-दीड तासाहून जास्त ठेवू नका. वाटीतला उरला तर टाकून द्या. फ्रिजमधला न वापरलेला तीन दिवस चांगला राहतो.

सोबत लादीपाव, कांद्याच्या चकत्या, काकडी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मांसमच्छी खात नाहीत. त्यांच्यासाठी मक्याची कणसं आणि उकडलेले बटाटे निखाऱ्यावर फिरवले आणि कोंबडी बुडवायच्या आधीच वेगळ्या काढलेल्या सॉसमध्ये घोळवले. या सॉसमध्ये अंडं नाही म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या. खरं सांगायचं तर भाजलेल्या बटाट्यावर हा सॉस कोंबडीइतकाच खुलतो. श्रावणात माझ्या घरी तो तसाच होणार आहे.

[पाऊस वाढतो. सगळे ताटं उचलून टाकीखाली सरकतात.]

आत्या हाडं चोखतेय. दादाने तिसरा पाव घेतला. आई इतका वेळ वाढत होती, आता बसली. तिने वाटीच्या कडेने पावाचा तुकडा फिरवला, तोंडात टाकला, चावला. क्षणभर काही नाही. मग तिने डोळे घट्ट मिटले, पदर नाकाला लावला.

"हां," ती म्हणाली, "आता चढली."

आणि वाटी पुन्हा पुढे केली.