फाइल कुणाची, आणि ती उघडायची कुणी? पायथॉनमधल्या परवानग्यांविषयी

नमस्कार. पायथॉनमधली एक ओळ वाचून दाखवते आणि तिथूनच सुरुवात करते. ‘ओएस.चमॉड’, कंसात फाइलचं नाव, स्वल्पविराम, ६००. चमॉड म्हणजे फाइलच्या परवानग्या बदलणं. लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते तुमच्या लगेच लक्षात येईल. फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे, तेव्हा मालकानेच ती वाचावी, मालकानेच लिहावी, बाकी कुणी हात लावू नये. ही ओळ चालते, एरर येत नाही. पण नंतर त्या फाइलची अवस्था अशी होते, की मालकाला ती वाचताही येत नाही आणि लिहिताही येत नाही. तिच्या ग्रुपमधल्या लोकांना मात्र तिच्यात लिहिता येतं.

असं का झालं? परवानगीचे आकडे ऑक्टल म्हणजे आठच्या पायावरचे असतात. टर्मिनलवर आपण चमॉड ६०० म्हणतो तेव्हा ती कमांड ६०० हा आकडा ऑक्टलच धरते. पायथॉनचं फंक्शन तसं काही धरत नाही. त्याला तुम्ही साधा पूर्णांक दिलात, सहाशे. दशमान सहाशे म्हणजे ऑक्टलमध्ये ११३०. त्यातल्या शेवटच्या तीन आकड्यांनुसार मालकाला फक्त चालवण्याची परवानगी, ग्रुपला लिहिण्याची आणि चालवण्याची, इतरांना काहीच नाही. पायथॉन २ मध्ये पुढे नुसतं शून्य लावून ०६०० लिहिता यायचं. पायथॉन ३ ने ते बंद केलं. तसं लिहिलंत तर सिंटॅक्स एरर येतो. आता शून्य, मग इंग्रजी ‘ओ’, मग ६००, म्हणजे ०ओ६०० असं लिहावं लागतं. नुसत्या ६०० ला मात्र भाषा अडवू शकत नाही, कारण तो एक चांगला धडधाकट आकडा आहे. म्हणून मी आग्रहाने सांगते, की परवानगी लावल्यावर ती एकदा वाचून बघा. ‘ओएस.स्टॅट’ने मिळालेला मोड ‘स्टॅट.फाइलमोड’ला दिलात की ‘एलएस’ दाखवतं तशी आरडब्ल्यूएक्सची ओळ समोर येते.

या पद्धतीचं मूळ जुनं आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्स घडवलं, त्याचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. चमॉड आणि मालक बदलणारी चोन या दोन्ही कमांड त्यातही आहेत. तेव्हा फक्त मालक आणि मालक नसलेले असे दोनच वर्ग होते. ग्रुप नंतर आला. आज मालक, ग्रुप, इतर असे तीन वर्ग, प्रत्येकाला वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, अशी नऊ बिटं, आणि त्यांच्यावर सेटयूआयडी, सेटजीआयडी, स्टिकी ही आणखी तीन.

हे तुम्हाला पाठ असेल. पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, या बिटांकडे कोणत्या क्रमाने बघतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. कर्नल आधी विचारतं, तू मालक आहेस का? असशील तर फक्त मालकाची तीन बिटं बघायची आणि निकाल द्यायचा. नसशील, तर ग्रुपमध्ये आहेस का? असशील तर फक्त ग्रुपची. दोन्ही नसशील तरच ‘इतर’. तिन्हींची बेरीज कधीच होत नाही. त्यामुळे ००४४ अशी फाइल जगाला वाचता येते, मालकाला येत नाही. मालक चमॉड करून स्वतःला परवानगी देऊ शकतो, तो त्याचा हक्क अबाधित असतो, पण तसं करेपर्यंत त्याला दार बंद.

दुसरी गोष्ट डिरेक्टरीची. फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर नसतेच, ती डिरेक्टरीवर असते. डिरेक्टरी म्हणजे हजेरीपट समजा. पटावरचं नाव खोडायला पटावर लिहिण्याचा अधिकार लागतो, ज्याचं नाव आहे त्याची संमती लागत नाही. म्हणून ‘ही फाइल ०४०० केली, आता कुणी उडवू शकणार नाही’ असं समजू नका. ज्याला त्या डिरेक्टरीत लिहिता येतं तो ती पुसून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. /टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत सगळ्यांना लिहिता येतं, तरी एकमेकांच्या फाइली पुसता येत नाहीत, कारण तिथे स्टिकी बिट लावलेलं असतं, मोड १७७७. आणि डिरेक्टरीवरच्या एक्स बिटाचा अर्थ ‘चालवणं’ नसून ‘तिच्यातून पुढे जाणं’ असा असतो.

आता ‘परमिशन डिनाइड’ आणि ७७७ याकडे येते. हे मला मनापासून बोलायचं आहे. वेब सर्व्हरला फाइल वाचता येत नाही म्हणून कुणीतरी सांगतं, सगळ्या फोल्डरला ७७७ मार, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं कर. बहुतेक वेळा फाइलची परवानगी ठीकच असते, अडचण वाटेत असते. उबुंटूने २१.०४ पासून नव्या होम डिरेक्टरीचा मोड ०७५० केला. त्यामुळे प्रोजेक्ट होमखाली असेल आणि वेब सर्व्हर वेगळ्या यूजरने चालत असेल, तर तो दारातच अडतो. आतल्या फाइलीला ७७७ करून काहीही साधत नाही. उलट उद्या वाट मोकळी झाली की त्या मशीनवरच्या कुठल्याही यूजरला तुमचा कोड बदलता येईल, आणि तोच कोड सर्व्हर चालवेल. ‘नेमआय’ ही कमांड एल पर्यायासह चालवा. ती मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक आणि मोड दाखवते, आणि अडलेली पायरी लगेच सापडते.

पायथॉनमध्ये असा नकार ‘परमिशनएरर’ म्हणून येतो. त्याच्या पोटात दोन वेगळे एरर नंबर असतात. तो नंबर छापून बघायची सवय लावा. १३ असेल तर सहसा बिटांनी नकार दिलेला असतो. १ असेल तर तुम्ही मागितलेलं कामच मालकाचं किंवा रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या यूजरचं आहे. दुसऱ्याच्या फाइलीत तुम्हाला लिहिता येत असेल, तरी तिचा मोड तुम्हाला बदलता येत नाही. तिथे १ येतो, आणि जगातलं कुठलंही ७७७ तो घालवू शकत नाही.

मालकीकडे वळू. ‘ओएस.चोन’ला फाइल, यूजरचा नंबर आणि ग्रुपचा नंबर द्यायचा. जे बदलायचं नाही तिथे वजा १. नावाने काम करायचं असेल तर ‘शूटिल.चोन’ आहे. लिनक्सवर मालक बदलणं फक्त रूटला, म्हणजे तो खास अधिकार असलेल्या प्रोसेसला जमतं. स्वतःची फाइल दुसऱ्याला देऊन टाकायलाही मनाई आहे. जुन्या सिस्टिम व्ही यूनिक्समध्ये तशी देता यायची. पण डिस्कचा कोटा आला की आपल्या फाइली दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं म्हणजे कोट्यातून पळवाट. बीएसडी या यूनिक्सच्या दुसऱ्या शाखेने ती बंद केली, लिनक्सही त्याच वाटेने गेलं. ग्रुप मात्र मालकाला बदलता येतो, फक्त तो स्वतः ज्या ग्रुपमध्ये आहे त्यांच्यापैकी एखाद्याकडे.

आणि कर्नलला नावं ठाऊकच नसतात, त्याच्याकडे फक्त नंबर असतात. कर्मचारी गेला, त्याचं खातं पुसलं, फाइली राहिल्या १००४ नंबरच्या नावावर. पुढच्या महिन्यात नव्या माणसाला १००४ नंबर मिळाला, की जुन्याच्या सगळ्या फाइली त्याच्या मालकीच्या झाल्या. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बाकी मशीनपासून वेगळा ठेवणाऱ्या डब्यात, काम करताना हाच प्रकार रोज दिसतो. आतला प्रोसेस रूट म्हणून चालतो, बाहेरून जोडलेल्या फोल्डरात फाइल लिहितो, आणि बाहेर ती आपल्याला पुसता येत नाही, कारण तिचा मालक शून्य नंबरचा. ‘पाथलिब’मधलं ‘ओनर’ अशा अनोळखी नंबरवर ‘कीएरर’ देतं. अहवाल काढणारी स्क्रिप्ट लिहिताना ते पकडा.

आता आजच्या बोलण्यातला माझा मुख्य मुद्दा. परवानगी फाइल तयार होतानाच ठरली पाहिजे, नंतर नाही. पायथॉनच्या साध्या ‘ओपन’ने नवी फाइल केली की कर्नलकडे ०६६६ मागितलं जातं, त्यातून प्रोसेसचा यूमास्क, म्हणजे काढून टाकायच्या परवानग्यांचा आकडा, वजा होतो. यूमास्क बहुधा ०२२ असतो, म्हणून फाइल ०६४४ होते, सगळ्यांना वाचता येणारी. मग लोक काय करतात? आधी फाइल उघडतात, गुपित लिहितात, बंद करतात आणि मग चमॉड करतात. मधला काळ अगदी थोडा असतो हे खरं. पण परवानगी तपासली जाते ती उघडताना. त्या थोड्या काळात कुणी फाइल उघडून ठेवली, तर नंतर तुम्ही ०६०० करा नाहीतर ०००० करा, त्याच्या हातातला डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलीचा नंबर, चालूच राहतो. आणि लिहिल्यानंतर, चमॉडच्या आधी प्रोग्रॅम कोसळला तर फाइल कायमची उघडी राहते.

म्हणून ‘ओएस.ओपन’ वापरा. त्याला लिहिण्याचा, नवी तयार करण्याचा आणि ‘एक्सक्ल’ असे तीन फ्लॅग द्या, आणि मोड ०ओ६०० द्या. एक्सक्ल गाळू नका. फाइल आधीपासून असेल तर मोडकडे कुणी बघत नाही, जुनी परवानगी तशीच राहते. एक्सक्ल असेल तर तिथे एरर येतो आणि तुम्हाला कळतं. आणि मोडही गाळू नका, कारण तो दिला नाही तर ‘ओएस.ओपन’ ०७७७ धरतं. त्यातून यूमास्क वजा झाला तरी फाइल चालवण्याजोगी आणि सगळ्यांना वाचता येण्याजोगी होते. तात्पुरत्या फाइलीसाठी ‘टेम्पफाइल’मधलं ‘एमकेएसटेम्प’ ही काळजी स्वतः घेतं, ०६०० नेच करतं. यूमास्क बदलून हे साधायचा मोह होतो, पण यूमास्क अख्ख्या प्रोसेसचा असतो. एका थ्रेडने बदलला की त्या क्षणी दुसरा थ्रेड करत असलेल्या फाइलीलाही तोच लागतो.

याच काळजीची एक दुसरी बाजू आहे. कॉन्फिगरेशनची फाइल अर्धवट लिहिली जाऊ नये म्हणून आपण तात्पुरती फाइल लिहितो आणि ‘ओएस.रिप्लेस’ने जुन्या नावावर आणतो. पद्धत उत्तम आहे, मी स्वतः तीच शिकवते. पण जागेवर आलेली फाइल नवी आहे. तिचा मालक म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा, बहुधा रूट, आणि मोड ०६००. सर्व्हिस आपल्या वेगळ्या यूजरने पुन्हा सुरू होते आणि तिला स्वतःचीच कॉन्फिगरेशन वाचता येत नाही. तेव्हा जुन्या फाइलीचा ‘स्टॅट’ आधी घेऊन ठेवा. नव्या फाइलीच्या डिस्क्रिप्टरवर आधी ‘एफचोन’, मग ‘एफचमॉड’, आणि शेवटी रिप्लेस. क्रम हाच ठेवा. मालक बदलला की लिनक्स चालवण्याजोग्या फाइलीवरची सेटयूआयडी बिटं, म्हणजे प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालवणारी बिटं, पुसून टाकतं, म्हणून मोड नंतर लावायचा. शिवाय योग्य मालक लागेपर्यंत फाइल बंद राहते. ‘शूटिल.कॉपी२’वरही विसंबू नका. ते मोड आणि वेळा नेतं, मालक आणि ग्रुप नेत नाही. बॅकअपमधून परत आणताना हे हमखास आडवं येतं.

‘ओएस.ॲक्सेस’बद्दल थोडक्यात. आधी विचारायचं ‘वाचता येईल का’, आणि हो म्हटलं तर उघडायचं, हे करू नका. विचारणं आणि उघडणं यांच्या मध्ये फाइल बदलू शकते. सरळ उघडा, आणि परमिशनएरर पकडा.

रूट म्हणून चालणाऱ्या स्क्रिप्टबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. ‘अपलोड’ फोल्डरात फिरायचं आणि प्रत्येक फाइल अमुक यूजरच्या नावावर करायची, अशी पाच ओळींची स्क्रिप्ट कितीतरी सर्व्हरवर रोज रात्री चालते. ‘ओएस.चोन’ न सांगता सिमलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या, मागे जातं. त्या फोल्डरात लिहिता येणाऱ्या कुणी /ईटीसी/शॅडोकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवली, तर तुमची स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने पासवर्डांची फाइल त्या यूजरच्या नावावर करून देते. ‘फॉलो सिमलिंक्स’ फॉल्स करा. त्याहून चांगलं म्हणजे हे रात्रीचं काम लागणारच नाही अशी मांडणी करा. फोल्डरचा ग्रुप ठरवा, त्यावर सेटजीआयडी लावा, म्हणजे ०ओ२७७५, आणि तिथे लिहिणाऱ्या प्रोसेसचा यूमास्क ००२ ठेवा. आत जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या ग्रुपची होते. यातलं वरचं बिट ‘एमकेडीआयआर’च्या मोडमध्ये देऊ नका, ते पाळलं जाईल की नाही हे प्लॅटफॉर्मवर अवलंबून असतं. फोल्डर केल्यावर लगेच वेगळं चमॉड करा. ‘मेकडर्स’ वापरत असाल तर पायथॉन ३.७ पासून दिलेला मोड फक्त सगळ्यात आतल्या डिरेक्टरीला लागतो, मधल्या डिरेक्टरी यूमास्कप्रमाणे होतात, हेही ध्यानात ठेवा.

मागच्या रांगेतून विंडोजबद्दल विचारलं आहे, त्याचं उत्तर देते. विंडोजवर ‘ओएस.चमॉड’ फाइल ‘फक्त वाचनासाठी’ आहे की नाही एवढाच झेंडा बदलतं, बाकीची बिटं सोडून देतं. ‘ओएस.चोन’ तिथे नाहीच. पायथॉन ३.१३ पासून एक सुधारणा झाली आहे. ‘एमकेडीआयआर’ला नेमका ०ओ७०० मोड दिला, तर नवं फोल्डर विंडोजवरही इतर यूजरसाठी खरोखर बंद होतं. बाकीच्या मोडना तिथे तो अर्थ नाही. तेव्हा दोन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम लिहीत असाल, तर गुपितं अशा ०ओ७०० फोल्डरात ठेवा, आणि फोल्डर आधी करा, फाइल नंतर.