ग्लासातला पांढरा धागा

(कोल्हापुरात शेतकऱ्यांपुढं झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शिरोळहून आलेल्या दादांनी उपटून आणलेलं हे टोमॅटोचं झाड बघा. पानं अजून हिरवी आहेत, पण झाडानं मान टाकलीय. मघाशी मी बुडाजवळची एक कांडी ब्लेडनं कापली आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून ठेवली. आता जवळ येऊन बघा. कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतोय. ते सगळे जिवाणू आहेत. राल्स्टोनिया नावाचा हा जिवाणू मुळातून शिरतो, पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि चिकट द्रवानं त्या तुंबवतो. रानात ओल असते आणि झाड तहानेनं मरतं. बुरशीमुळं झालेला मर रोग असता तर हा धागा सुटला नसता. दादांनी तीनदा बुरशीनाशकाची आळवणी केली. पैसेही गेले, प्लॉटही गेला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही ग्लासाची परीक्षा फुकट आहे.

जिवाणूजन्य रोग म्हटलं की हातात येते ती सहा ग्रॅमची पुडी. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही जिवाणू मारणारी औषधं, म्हणजे प्रतिजैविकं असतात. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं आणि त्यानं क्षयाच्या रोग्यांना जीवदान दिलं. तेच औषध आपण डाळिंबाच्या तेल्या रोगावर, भाताच्या करप्यावर पंपानं उडवतो. ते शत्रू-मित्र बघत नाही. जे जिवाणू त्यातून तगतात, ते आपला प्रतिकार शेजारच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला, तो याच काळजीपोटी.

मग नेमका शत्रूच मारायचा कसा? जिवाणूंची आपसातली भांडणं पूर्वापार चालू आहेत. 1925 मध्ये बेल्जियममध्ये आंद्रे ग्राशिया या शास्त्रज्ञाला दिसलं, की एका जिवाणूनं सोडलेला पदार्थ त्याच्याच जातभाईला मारतो. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात.

याच धर्तीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. गुलाब, पीच, बदाम यांच्या बुडाशी गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू भलता हुशार. तो झाडात स्वतःची जनुकं घुसवतो आणि झाडाकडूनच आपलं खास खाद्य तयार करून घेतो. ते खाद्य आत घ्यायला त्याच्या अंगावर खास दार असतं. तिथले शास्त्रज्ञ ॲलन केर यांनी त्याचा एक निरुपद्रवी भाऊबंद शोधला, त्याचं नाव के-84. हा जे विष सोडतो, ते त्या खाद्यासारखंच दिसतं. रोग आणणारा जिवाणू दार उघडून ते स्वतःहून आत घेतो आणि मरतो. ज्याच्याकडे ते दार नाही, त्याला धक्का लागत नाही. लावणीआधी रोपांची मुळं या जिवाणूच्या द्रावणात बुडवायची, एवढंच काम. 1970च्या दशकापासून बागायतदार हे करत आलेत.

पण सांगली-तासगावच्या द्राक्षवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. द्राक्षावर गाठी आणणारा जिवाणू वेगळा, त्याच्यावर के-84 चालत नाही. नेमकेपणाची ही किंमत आहे. आधी रोग ओळखावा लागतो.

जिवाणू खाणारे विषाणू, म्हणजे फेज, तेही असेच निवडक. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांच्या रोगासाठी 2005 मध्ये त्यांच्या फवारणीला परवानगी मिळाली. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते लवकर निकामी होतात, म्हणून फवारा संध्याकाळी. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर झाडालाच बॅक्टेरिओसिन बनवायला लावलं आणि ते झाड स्यूडोमोनास जिवाणूला पुरून उरलं. ते काम प्रयोगशाळेतलं आहे, उद्या दुकानात मागायला जाऊ नका.

दादा, तुमच्या त्या रानात लगेच वांगं, मिरची, ढबू, बटाटा काही घेऊ नका. सगळी एकाच कुळातली, राल्स्टोनियाला तीही चालतात. मका घ्या.

आणखी कुणी झाडं आणली असतील तर पुढं या. ग्लास आहेत, ब्लेड आहे. प्रत्येक कांडीला नवं पाणी घेऊ.