सुईच्या वाटेने होणारे उपचार

श्रोतेहो, नमस्कार. क्ष-किरण विभागात रोगाचे निदान होते आणि उपचार मात्र शस्त्रक्रियागृहात होतात, असे आपण धरून चालतो. पण क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, सुई आणि नळीच्या वाटेने उपचार करणारीही एक शाखा आहे: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी आतून सरकवलेल्या नळ्यांनी रुंद केली. पाय वाचला, आणि या शाखेची सुरुवात झाली. त्यासाठीची वाट स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्येच दाखवून दिली होती: आधी सुई, सुईतून लवचीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी. आजही बहुतेक उपचार याच क्रमाने होतात.

यांतले काही आपल्या ऐकण्यातले असतील. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहत गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेणे, यकृतातला पू नळीवाटे बाहेर काढणे, खड्यामुळे मूत्रमार्ग अडून जंतुसंसर्ग झालेला असेल तर पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी बसवणे, ही कामे मोठ्या रुग्णालयांत नित्याची आहेत.

ज्याची माहिती घरोघरी असायला हवी असे मला वाटते, तो उपचार मात्र खोकल्यातून पडणाऱ्या रक्तावरचा आहे. क्षयरोग औषधांनी बरा झाला तरी फुफ्फुसात व्रण आणि पोकळ्या राहू शकतात. त्यांच्या आसपास, श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात, वेड्यावाकड्या वाढतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. अशा वेळी रक्त किती गेले यापेक्षा ते श्वासमार्गात साचून गुदमरण्याचा धोका मोठा असतो, म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणे योग्य नाही. बहुधा जांघेतील जागा बधिर करून धमनीत नळी घालतात, ती महाधमनीतून छातीपर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडून रोगट फांदी पडद्यावर शोधतात आणि मिलिमीटरहूनही लहान कण सोडून ती बंद करतात. फुफ्फुसाला रक्ताचा मुख्य पुरवठा वेगळ्या धमनीतून होत असल्यामुळे सहसा ते निकामी होत नाही. कधीकधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनी याच फांदीतून निघते. तिच्यात कण गेले तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून डॉक्टर आधी तिचा कसून शोध घेतात. रक्त थांबले तरी मूळ आजार तसाच राहतो आणि काही रुग्णांना पुन्हा रक्त पडते, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे जाणे चालूच ठेवावे लागते.

छिद्र बारीक म्हणून काम किरकोळ, हा समज मला धोक्याचा वाटतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, पूर्वी रंगद्रव्याने अंगावर पित्त उठले असेल किंवा गर्भारपणाची शक्यता असेल, तर ते न विचारता सांगावे; मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. जांघेतून उपचार झाल्यावर सांगितलेले तास पाय सरळ ठेवून पडून राहावे, आणि त्या जागी सूज किंवा ओल जाणवताच उठून न बसता, तिथे हाताने दाब देऊन परिचारिकेला हाक मारावी.