सहा मात्रांतून चार मात्रांत

(दृश्य: नेरूळ, संध्याकाळ. सायन–पनवेल महामार्गावरची वाहने, पलीकडे स्टेडियमचे दिवे.)

१५ डिसेंबर २०१९ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू२ या आयर्लंडच्या बँडने भारतातला आपला पहिला कार्यक्रम केला. १९८७ साली प्रसिद्ध झालेला ‘द जोशुआ ट्री’ हा ११ गाण्यांचा अल्बम त्यांनी मूळ क्रमाने, पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत सादर केला. ३२ वर्षे टिकलेल्या या गाण्यांना पक्केपणा कुठून आला, हे समजून घ्यायचे असेल तर त्याआधीच्या चार अल्बमांकडे आणि त्यांतल्या एका मोठ्या अडचणीकडे पाहावे लागते.

हे चौघे १९७६ मध्ये डब्लिनच्या एका शाळेत एकत्र आले. १९८० मध्ये पहिला अल्बम निघाला तेव्हा ते १८ ते २० वर्षांचे होते. त्यातली बरीच गाणी डब्लिनच्या लहानमोठ्या सभागृहांत श्रोत्यांसमोर वाजवून घासलेली होती. कोणते कडवे लांबते, कुठे श्रोता हलतो, हे मंचाने त्यांना आधीच सांगितले होते. निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांच्यासमोर स्टुडिओत ती नेमकी टिपणे हेच मुख्य काम उरले होते.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी दौऱ्यांनी हा सगळा अवधी खाऊन टाकला. पहिल्या अल्बममागे काही वर्षांचा सराव होता आणि दुसऱ्यासाठी प्रवासातून उरलेले दिवस. त्यातच १९८१ च्या दौऱ्यात, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात गायक बोनो यांची गीतांच्या टिपणांची बॅग नाहीशी झाली. स्टुडिओत मायक्रोफोनसमोर उभे राहून त्यांना बरेच शब्द तिथल्या तिथे जुळवावे लागले. ती बॅग परत मिळाली २००४ मध्ये.

हा प्रसंग मराठी श्रोत्याने जरा थांबून पाहावा असा आहे. आपल्या भावगीतात बहुतेकदा कवीचे शब्द आधी असतात आणि संगीतकार त्यांना चाल लावतो. यू२ची रीत बरीचशी उलटी, म्हणजे चालीवर शब्द बसवण्याची आहे: चौघे मिळून वाजवत राहतात, गायक निरर्थक उच्चारांनी सूर धरून पाहतो आणि अर्थ त्या सुरांतून हळूहळू वर येतो. अशा पद्धतीला वेळ लागतोच. दुसऱ्या अल्बममध्ये वाद्यांचा जोर ऐकू येतो, पण काही ठिकाणी शब्द अजून वाट शोधत आहेत असे मला प्रत्येक वेळी जाणवते, आणि त्याचे कारण कळल्यापासून तो अल्बम मला अधिक जवळचा वाटतो.

१९८३ चा तिसरा अल्बम अधिक कणखर झाला. त्यानंतर मात्र त्यांनी धाडसी निर्णय घेतला. यश मिळवून देणारी घडी मोडून त्यांनी ब्रायन ईनो आणि डॅनिएल लॅन्वा या निर्मात्यांना बोलावले आणि १९८४ मध्ये चौथ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचा एक भाग स्लेन या किल्ल्यात केला. दगडी भिंतींवरून परतणारा नाद तिथे गाण्याचाच भाग झाला. स्टुडिओ हा तयार गाणे टिपण्याइतकाच गाणे रचण्याचाही मंच असतो, हे त्यांना इथे उमगले.

(दृश्य: गिटारच्या तारांवर फिरणारी बोटे, अगदी जवळून.)

‘द जोशुआ ट्री’च्या पहिल्याच गाण्याने त्यांची खरी परीक्षा पाहिली. गिटारवादक एज यांनी त्याचा कच्चा आराखडा घरी चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपून एकत्र वाजवणाऱ्या यंत्रावर तयार केला होता. सुरुवातीची गिटार सहा मात्रांच्या वजनात वाहते, आणि गाणे मात्र चार मात्रांत चालते. सहा मात्रांच्या दादऱ्यातून चार-चार मात्रांच्या केहरव्यात जाताना समेवर अडखळायचे नाही, असे म्हटले तर आपल्याकडच्या वादकाला ती अडचण लगेच कळेल. लॅन्वा मोठ्या फळ्यासमोर पट्टी घेऊन उभे राहत आणि वादकांना एकेक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, दाखवत पुढे नेत. दुरुस्त्या इतक्या वाढल्या की, ईनो यांना ती फीतच पुसून नव्याने सुरुवात करावीशी वाटली. ते टळले, आणि जोडणीचा तो सांधा शेवटी बसला.

(दृश्य: वाशीतली एक जॅमरूम. भिंतींना फोम, कोपऱ्यात ड्रम्स, मांडीवर लॅपटॉप.)

आज नवी मुंबईच्या एखाद्या खोलीत तालीम करणाऱ्या चौघांकडे चारऐवजी हवे तितके ट्रॅक असतात. बिघडलेला ठेका पडद्यावर ओढून सरळ करता येतो. त्यामुळे गाणे न घासताच मुद्रित करण्याचा मोह होतो. म्हणूनच त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की गाणे मुद्रित करण्याआधी ते अनोळखी श्रोत्यांसमोर अनेकदा वाजवावे, आणि दौरा सुरू झाला की पुढच्या गाण्यांसाठी तारखा आधीच राखून ठेवाव्यात. सुट्या सुरांचे तुकडे प्रवासात मोबाइलवर जपता येतात. त्यांचे गाणे व्हायला मात्र चौघांनी एका खोलीत, एका वेळी बसावे लागते.

नेरूळच्या त्या रात्री हा अल्बम सुरू झाला तो याच गाण्याने. आधी सहा मात्रांची गिटार आली, मग बास आणि ड्रम्स, आणि ज्या सांध्यासाठी एकेकाळी फळ्यावर कॉर्ड लिहावे लागले होते, तो ओलांडून गाणे चार मात्रांत उतरले.