पेठेतल्या माड्या आणि वेगळा जिना

नमस्कार श्रोतेहो. सांगलीच्या गणपती पेठेतून रात्री साडेनवाला एकदा चालत जा आणि मान वर करून बघा. खाली शटर ओढलेली, आणि वर एकामागून एक अंधाऱ्या माड्या. मी लहान होतो तेव्हा याच खिडक्यांतून कुकरच्या शिट्ट्या आणि पाढ्यांचे आवाज यायचे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली आणि इथला व्यापार वाढला. व्यापारी खाली गादीवर बसायचा, घर वर. पुढे हळद-गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, मुलं बंगल्यांत राहायला गेली, माड्यांवर रिकामी पोती आणि मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या.

आमच्या पणजोबांची इमारतही तशीच पडून होती. गेल्या दोन वर्षांत आम्ही तिच्या माडीवर एक घर उभं केलं. त्या कामात मला कळलं की माडी ओस पडते ती बहुतेक वेळा जिन्यामुळे. जुना जिना दुकानाच्या पोटातून चढतो. दुकान भाड्यानं दिलं की जिनाही भाडेकरूच्या ताब्यात जातो, आणि मग वरची जागा कुणाच्याच कामाची राहत नाही. म्हणून आम्ही सगळ्यात आधी बाजूच्या बोळातून स्वतंत्र लोखंडी जिना चढवला. महापालिकेची परवानगी आणि इंजिनिअरचा दाखला घेऊनच, हे आवर्जून सांगतो.

मग लाकूड. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या ठोकून केलेली जमीन, आणि खाली तिला पेलणाऱ्या सागवानी तुळया. आमच्या मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं एकेक तुळई वाजवत नेली. मधे खणखणीत आवाज यायचा आणि भिंतीजवळ आलं की भद्द. तुळईची भिंतीत गेलेली टोकं वाळवीनं पोखरली होती. अख्खी तुळई बदलायचा सल्ला पुष्कळांनी दिला, पण मिस्त्रींनी कुजलेलं टोक तेवढं कापलं, नवा सागवानी तुकडा लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट घालून सांधला आणि भोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवली. ते काम मी तासन् तास बघत बसायचो.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आमच्या दुकानात पाणी दाराच्या वरच्या चौकटीला लागलं होतं, माडी कोरडी राहिली. पाणी ओसरल्यावर घाईघाईनं आम्ही भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, आणि ती मोठी चूक झाली. जुनी वीट चुन्यात बांधलेली असते, तिच्यात ओल येते तशी हळूहळू बाहेरही जाते. सिमेंटनं ती वाट बुजली. यंदा गिलावा फोडला तर आतली वीट हाताला ओली लागली, वर मिठासारखा पांढरा क्षार फुललेला, नखानं विटेची भुकटी होत होती. आता पुन्हा चुन्याचा गिलावा केलाय. वेळ लागतो, पण भिंत वाळते.

न्हाणीघर आणि संडास कडीपाटावर ठेवायचा मोह कुणी करू नये. पाणी एकदा लाकडात मुरलं की सगळंच गेलं. आम्ही ते मागच्या भिंतीला लागून, स्वतंत्र लोखंडी खांबांवर घेतलं, पाण्याची टाकीही त्याच्याच डोक्यावर. दुकान आणि घर या दोघांचे विजेचे मीटर पुराच्या खुणेच्या वर चढवले, वायरिंग सगळं नवं केलं. खाली कापडाचं दुकान आहे, आगीची भीती मनातून जात नाही. पुरात माडी सुरक्षित म्हणून तिथेच थांबावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. वीज जाते, प्यायचं पाणी संपतं. पुलाजवळची पातळी ४० फुटांकडे सरकली की जिन्यानं उतरून बाहेर पडायचं, हे आम्ही भाडेकरूंना आधीच सांगून ठेवलंय.

सध्या तिथे सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका आईसह राहते. रात्रपाळीहून ती पहाटे परतते तेव्हा बोळातला दिवा चालू असतो. समोरचे चहावाले म्हणतात, त्या दिव्यामुळे त्यांनाही आता लवकर दुकान उघडताना धीर येतो. शेजारच्या दोन मालकांनी येऊन आमचा जिना मोजून नेला. आमच्या मागच्या खणात दुसरं घर व्हायचंय, त्याचा चुना सध्या हौदात मुरतोय. ज्यांना काम बघायचंय त्यांनी जरूर या, मिस्त्री सकाळी नऊपासून तिथेच असतात.